झाकले बळ

होंडा ॲकॉर्ड व्ही-सिक्स ही गाडी लांबून ओळखू येत नाही. चार दरवाजे, लांब बॉनेट, भरपूर मोठी डिकी, अंगावर पांढरा, रुपेरी नाहीतर काळा रंग. सरकारी विश्रामगृहाच्या आवारात उभी राहिली तर ती तिथलीच वाटावी, इतकी साधी दिसते. डिकीच्या पत्र्यावर एका कडेला ‘व्ही-सिक्स’ एवढी बारीक खूण असते. ती वाचणाऱ्यालाच कळते की या बॉनेटखाली ३,४७१ सीसीचे, सहा सिलिंडरांचे, २७५ अश्वशक्तीचे इंजिन आहे. भारतात २००८ साली आलेल्या आठव्या पिढीच्या ॲकॉर्डचे हे सर्वांत ताकदवान रूप. आज ती फक्त जुन्या बाजारात मिळते आणि तिथेही तिची चौकशी करणारे थोडेच असतात. चालवण्याच्या सुखासाठी बांधलेली जपानी आलिशान सेडान म्हणजे काय, याचा भारतीय रस्त्यांवरचा हा एक उत्तम नमुना आहे. तो नमुना दुर्लक्षित का राहिला आणि हिंगोलीसारख्या जिल्ह्यात अशी गाडी बाळगणे म्हणजे काय, या दोन्ही गोष्टी सावकाशीने पाहण्याजोग्या आहेत.

या जातीच्या गाड्यांचा इतिहास अमेरिकेत सुरू होतो. १९८० च्या दशकापर्यंत जपानी मोटार म्हणजे लहान, स्वस्त, पेट्रोल कमी पिणारी आणि सहसा न बिघडणारी, असा तिथल्या गिऱ्हाइकाचा पक्का समज होता. मानाची गाडी घ्यायची तर ती जर्मनीची किंवा अमेरिकेची. मार्च १९८६ मध्ये होंडाने ‘ॲक्युरा’ या वेगळ्या नावाने तिथे दुकान मांडले आणि ‘लेजंड’ ही व्ही-सिक्स इंजिनाची सेडान विकायला आणली. १९८९ मध्ये टोयोटाची ‘लेक्सस’ आणि निस्सानची ‘इन्फिनिटी’ ही नावे बाजारात आली. पुढच्या वीस वर्षांत ॲक्युरा टीएल, लेक्सस आयएस, आणि जपानमधली स्कायलाइन जी अमेरिकेत इन्फिनिटी जी-३५ म्हणून गेली, अशा एकाहून एक सरस सेडान या घराण्यांनी दिल्या. वेगात आणि वळणावर त्या जर्मन गाड्यांच्या तोडीस तोड होत्या. कमतरता होती ती वंशावळीची. पन्नास-शंभर वर्षांची आख्यायिका पाठीशी नसल्यामुळे त्यांच्या गुणांची चर्चा जाणकारांच्या बैठकीत राहिली आणि मान दुसऱ्यांकडे गेला.

जपानच्या मोटार धंद्यात याच काळात एक विलक्षण शिस्त पाळली जात होती. रस्त्यांवरच्या अपघातांची काळजी वाढल्यावर तिथल्या कारखानदारांनी आपसांत ठरवले, की देशात विकायच्या कुठल्याही गाडीची ताकद २८० अश्वशक्तीच्या वर जाहीर करायची नाही. २००४ मध्ये होंडाच्याच ३०० अश्वशक्तीच्या नव्या लेजंडने ही रेषा ओलांडली, तोवर हा शब्द पाळला गेला. काही गाड्यांच्या इंजिनांत कागदावरच्या आकड्यापेक्षा जास्त जोर होता, हे चालवणाऱ्यांना ठाऊक असे. इतर देशांतले विक्रेते आकडे फुगवून सांगत असताना जपानमध्ये ते दाबून सांगितले जात होते. बळ अंगात असावे, तोंडावर नसावे, ही वृत्ती त्या गाड्यांच्या घडणीतच मुरली. ॲकॉर्ड व्ही-सिक्सचा साधा चेहरा याच संस्कारातून आलेला आहे.

भारतात ॲक्युरा आली नाही, इन्फिनिटीही आली नाही. लेक्सस आली ती मार्च २०१७ मध्ये. तोवर जपानी आलिशान सेडानची जागा टोयोटा कॅमरी, निस्सान टियाना आणि ॲकॉर्ड यांनी सांभाळली. ॲकॉर्ड इथे २००१ मध्ये आली. होंडाचा ग्रेटर नोएडातला कारखाना तेव्हा नुकता स्थिरावत होता. १९९८ च्या ‘सिटी’ने आणि त्यामागून आलेल्या १०६ अश्वशक्तीच्या ‘सिटी व्हीटेक’ने भारतीय चालकाला जास्त फेऱ्यांवर गाणाऱ्या इंजिनाची गोडी लावली होती. त्याच चालकाने पुढे पैसे जमवून मोठी गाडी घ्यावी, तर ती ॲकॉर्ड, असा सरळ जिना होता. २००८ मध्ये आलेली आठवी पिढी अमेरिकेसाठी आखलेली होती. हीच गाडी जपानमध्ये ‘इन्स्पायर’ या नावाने विकली जाई आणि ॲक्युरा टीएल ही तिचीच सख्खी बहीण. चिन्ह वेगळे, सजावट वेगळी. सांगाडा आणि इंजिनाचे कूळ एकच. म्हणजे आलिशान समजल्या जाणाऱ्या घराण्याचे रक्त भारतात साध्या होंडाच्या चिन्हाखाली फिरत होते आणि बहुतेकांना त्याची गंधवार्ता नव्हती. २०१३ मध्ये ही गाडी इथे बंद झाली. २०१६ मध्ये ॲकॉर्ड हायब्रिड होऊन थोड्या काळासाठी परतली, आणि डिसेंबर २०२० मध्ये ग्रेटर नोएडातले मोटारींचे उत्पादनही थांबले.

इंजिन जवळून पाहिले म्हणजे या गाडीचा स्वभाव कळतो. सहा सिलिंडर तीन-तीनच्या दोन ओळींत, ६० अंशांच्या कोनात बसवलेले आहेत. या मांडणीत एका पिस्टनचा धक्का दुसऱ्याच्या हालचालीत बराचसा जिरतो, म्हणून चार सिलिंडरांच्या इंजिनात तळपायाला जाणवणारी थरथर इथे जाणवत नाही. होंडाची खरी कीर्ती मात्र झडपांच्या कामात आहे. इंजिन हळू फिरते तेव्हा झडपा थोड्याच उघडलेल्या बऱ्या, म्हणजे पेट्रोल वाचते आणि चाल गुळगुळीत राहते. वेगात फिरताना त्या जास्त आणि जास्त वेळ उघडाव्या लागतात, तरच इंजिनाला श्वास पुरतो. झडपा उघडणाऱ्या एकाच कॅमला ही दोन्ही कामे नीट जमत नाहीत. इकुओ काजितानी या अभियंत्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी कॅमशाफ्टवर दोन तऱ्हेचे कॅम शेजारी शेजारी ठेवले आणि ऑइलच्या दाबाने सरकणाऱ्या पिनेच्या मदतीने इंजिनाला एकावरून दुसऱ्यावर जाण्याची सोय करून दिली. ही व्हीटेक पद्धत १९८९ च्या इंटिग्रा गाडीत प्रथम आली, आणि तिच्या जोरावर १.६ लिटरच्या इंजिनातून १६० अश्वशक्ती निघाली.

ॲकॉर्ड व्ही-सिक्समध्ये याच युक्तीला आणखी एक काम दिले आहे. सपाट रस्त्यावर गाडी एका लयीत चालू लागली, की काही सिलिंडरांच्या झडपा मिटतात, तिथला पेट्रोलचा फवारा थांबतो आणि गाडी चार किंवा नुसत्या तीन सिलिंडरांवर चालत राहते. डॅशबोर्डवर एक छोटा हिरवा दिवा तेवढा लागतो. पुढे उसाची ट्रॉली आडवी येते. थोडा वेळ गाडी तिच्या मागे चाळीसच्या चालीने निमूट चालते. समोरचा रस्ता मोकळा दिसला, पाय अर्धा दाबला, की हिरवा दिवा विझतो, गिअर दोन पायऱ्या खाली उतरतो आणि सहाही सिलिंडर एकदम कामाला लागतात. फेऱ्यांचा काटा तीन हजारांवर असताना आवाज घशातला असतो. साडेचार हजारांच्या पुढे तो मोकळा होतो, स्वर वर चढतो. ६,२०० फेऱ्यांवर पूर्ण ताकद मिळते, पण तिथवर जायची वेळ क्वचितच येते. ट्रॉली केव्हा मागे पडली हे आरशात पाहिल्यावर कळते. पाय सैल केला की आवाज उतरतो आणि हिरवा दिवा पुन्हा लागतो. मागच्या सीटवर झोपलेल्या माणसाची कूससुद्धा बदललेली नसते.

ताकदीइतकीच महत्त्वाची आहे ती बैठक. पुढच्या चाकांना या गाडीत डबल विशबोन सस्पेंशन आहे. म्हणजे प्रत्येक चाक वर एक आणि खाली एक अशा दोन भुजांनी धरलेले असते. ही मांडणी महाग आणि जागा खाणारी. तिचा फायदा असा, की गाडी वळणावर कलली तरी टायरचा तळ रस्त्याला सपाट टेकून राहतो. पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर २,८०० मिलिमीटर, त्यामुळे लहान खड्डे आणि उंचवटे गाडी अंगावर घेत नाही. स्टिअरिंगमध्ये रस्त्याची बातमी हाताला पोचते. डांबर खडबडीत झाले, पुढे वाळू सांडली आहे, डाव्या चाकाखाली साइडपट्टीची कड आली, हे डोळ्यांच्या आधी बोटांना समजते. कुणाला दाखवण्यासाठी गाडी बांधली असती तर हा खर्च वाचवता आला असता. दोन भुजांचे सस्पेंशन बाहेरून कुणालाच दिसत नाही.

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा झाला. हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, वसमत आणि औंढा नागनाथ हे पाच तालुके. कयाधू मधून वाहते, पैनगंगा आणि पूर्णा कडेने. जमीन बेसाल्टच्या खडकावरची, तिच्यावर बहुतेक ठिकाणी काळी माती. कापूस, सोयाबीन, हळद आणि ऊस देणारी ही माती रस्त्यांच्या मात्र मुळावर येते. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. वरचा डांबराचा थर तिच्याबरोबर वर-खाली होतो आणि चांगला केलेला रस्ताही काही वर्षांत लाटा धरतो. कडेची साइडपट्टी खचते, डांबराची कड वीतभर उंच राहते. उंच जीपला या लाटा हेलकावे देतात. बुटकी, लांब सेडान त्यांवरून जाते ती जपूनच. वेग चुकला की पोट घासते. गावागावांच्या वेशीवर जे गतिरोधक आहेत, त्यांतले काही इतके उभे की ॲकॉर्ड त्यांवरून सरळ नेता येत नाही. जरा तिरपी घेऊन, एकेक चाक चढवत उतरवावी लागते. काही दिवसांत चालकाला गतिरोधकांचा नकाशा पाठ होतो.

जिल्ह्याचा कणा म्हणजे राष्ट्रीय महामार्ग १६१. अकोल्याहून वाशीम, कनेरगाव, हिंगोली, आखाडा बाळापूर, वारंगा फाटा, नांदेड, देगलूर करत तो तेलंगणातल्या संगारेड्डीला जातो. पूर्वीचा दोनपदरी रस्ता जाऊन इथे आता चौपदरी रस्ता आला, आणि अशा गाडीला जिल्ह्यात प्रथमच मोकळा श्वास मिळाला. शंभरच्या वेगात इंजिन दोन हजारांच्या आसपास फेऱ्यांवर गुणगुणत असते. खिडकीबाहेर ऋतू बदलत जातात. जानेवारीपासून शेताशेतांत हळद निघते; कुकरमध्ये शिजवलेली हळद पटांगणावर वाळत पडते आणि तिचा उग्र-ओला वास काच थोडी खाली केली तरी आत शिरतो. एप्रिल-मेमध्ये ऊन असे, की डांबरावर दूरवर पाणी साचल्याचा भास होतो. भाद्रपदात दोन्ही बाजूंना सोयाबीनचे हिरवे पट्टे, आणि दसऱ्याच्या सुमाराला त्याच सोयाबीनच्या राशी. औंढ्याकडे वळले की सपाटी संपते, टेकड्या सुरू होतात, रस्ता वळणे घेऊ लागतो. हा रस्ता वेगाचा नव्हे, पण वळणापूर्वी पाय उचलावा, मध्यावर स्टिअरिंग हलकेच सोडावे आणि बाहेर पडताना इंजिनाला बोलावावे, ही लय इथे जमते. चालवण्याचे सुख म्हणतात ते बहुतेक वेळा साठच्या आतच सापडते.

रात्रीचा प्रवास वेगळा. हंगामात वसमतकडे उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या जोडून ट्रॅक्टर चाललेले असतात; त्यांतल्या पुष्कळांना मागे लाल दिवा नसतो, रिफ्लेक्टरही नसतो. शिवारातून रोही अचानक रस्त्यावर येतो. म्हशीएवढे ते जनावर दिव्याच्या झोतात क्षणभर उभे राहते आणि मग कुठल्या बाजूला उडी घेईल याचा नेम नसतो. दीड टनाहून जड गाडी अशा वेळी तिच्या ब्रेकवर आणि चालकाच्या संयमावर चालते. २७५ अश्वशक्तीचा उपयोग इथे काहीच नाही. ताकदवान गाडीचा शहाणा मालक ओळखायचा तो रात्रीच्या त्याच्या वेगावरून.

वाशीम जिल्ह्यात शिरले की समृद्धी महामार्ग गाठता येतो. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटरचा हा रस्ता जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला; मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. अमेरिकेच्या आंतरराज्य रस्त्यांसाठी आखलेली ही गाडी अशा रस्त्यावर आपल्या घरी आल्यागत चालते. पण सिमेंटचा सरळ रस्ता टायरची कठोर परीक्षा घेतो. उन्हाने आणि घर्षणाने टायर तापतो, आतली हवा फुगते, आणि जुना, कडक झालेला टायर तिथे दगा देतो. वरून नक्षी शाबूत दिसली तरी टायरच्या भिंतीवर कोरलेला बनावटीचा आठवडा आणि वर्ष पाहावे. पंधरा वर्षे जुन्या गाडीत पाच-सहा वर्षांचे टायर घालून या रस्त्यावर चढू नये. दुसरी परीक्षा डोळ्यांची. मैलोन्मैल वळण नसले की शांत गाडीत झोप लवकर येते, म्हणून थांबत थांबत जावे.

मग अशा गाडीची कदर का झाली नाही? पहिले कारण उंची. मराठवाड्यात मोठ्या माणसाची गाडी म्हणजे उंच गाडी. स्कॉर्पिओ, बोलेरो, फॉर्च्युनर; पायरी चढून बसायचे, बसल्यावर शेताचा बांध दिसायचा, आणि गावच्या ओढ्यात पाणी असले तरी घालायची. यात हौसेबरोबर गरजही आहे. ज्या रस्त्याला दर पावसाळ्यात नाला आडवा येतो तिथे उंची हा गुणच. हिंगोलीचा दसरा मराठवाड्यात नावाजलेला. त्या सणाला धुऊन, झेंडूचे हार घालून वाहने उभी राहतात तेव्हा लोकांचे डोळे उंच बॉनेटवर जातात. बुटक्या सेडानलाही हार असतो, पण तिच्याजवळ कुणी थबकत नाही. दुसरे कारण पेट्रोल. कुठल्याही गाडीबद्दल पारावर विचारला जाणारा पहिला प्रश्न ‘ॲव्हरेज किती देते?’ असाच असतो. व्ही-सिक्सचे उत्तर शहरात लिटरला सहा-सात आणि महामार्गावर दहा-अकरा किलोमीटर असे येते. सत्तर लिटरची टाकी भरायची तर खिसा आधी चाचपावा लागतो. ती विकली जात होती त्या वर्षांत डिझेल पेट्रोलहून बरेच स्वस्त होते आणि सगळा बाजार डिझेलकडे वळला होता. तिसरे कारण चिन्ह. तेवढेच पैसे घालायचे तर जर्मन चिन्हाची लहान गाडी घ्यावी, म्हणजे चार माणसे वळून पाहतील, असा हिशेब पुष्कळांनी केला. तो चुकीचा म्हणता येणार नाही. माणूस गाडीत बसतो तसा लोकांच्या नजरेतही बसतो.

याचा परिणाम असा, की नवी असताना श्रीमंतांची असलेली ही गाडी आज साध्या नव्या हॅचबॅकपेक्षा कमी पैशांत मिळू शकते. इथे अर्ध्या हळकुंडाने पिवळे होण्याचा धोका असतो. विकत घेण्याची किंमत उतरली, सांभाळण्याची उतरत नाही. टाइमिंग बेल्ट साधारण एक लाख किलोमीटरला किंवा सहा-सात वर्षांत बदलावाच लागतो. तो चालत्या इंजिनात तुटला तर पिस्टन झडपांवर आदळतो आणि इंजिन संपते. सिलिंडर बंद-चालू करण्याच्या पद्धतीमुळे काही इंजिने ऑइल खातात, अशा तक्रारी अमेरिकेत झाल्या होत्या; म्हणून डिपस्टिक दर पंधरवड्याला काढून पाहायची सवय असावी. गिअरबॉक्सचे ऑइल वेळेवर बदलावे. सस्पेंशनच्या भुजांमधले रबरी बुश आपल्या रस्त्यांवर लवकर झिजतात. सुटे भाग हिंगोलीत मिळणे कठीण. नांदेड, छत्रपती संभाजीनगर नाहीतर थेट हैदराबादला हात पसरावे लागतात आणि भाग येईपर्यंत गाडी उभी ठेवावी लागते. चांगला मिस्त्री मिळणे हे सगळ्यांत मोठे भाग्य. या इंजिनाला कान लावून कोणता आवाज त्याचा आहे आणि कोणता नाही, हे सांगणारा माणूस सापडला तर त्याला सोडू नये.

कागदपत्रांचाही एक ऋतू असतो. खासगी गाडीची नोंदणी पहिल्यांदा १५ वर्षांची. २००८ च्या गाडीची मुदत २०२३ मध्येच संपली. पुढे दर पाच वर्षांनी गाडी आरटीओत नेऊन तपासून घ्यायची, नूतनीकरणाचे वाढलेले शुल्क आणि पर्यावरण कर भरायचा, तेव्हा कुठे एमएच ३८ ची पाटी कायदेशीर राहते. इंधनही बदलले आहे. आता पंपावर येते ते २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल. जिल्ह्याच्या रस्त्यावरून कारखान्याकडे जाणाऱ्या उसाचीच ही पुढची वाट. शेतकऱ्याच्या दृष्टीने ती चांगली. पण ही गाडी त्या मिश्रणासाठी आखलेली नव्हती. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेते आणि जुन्या रबराला त्रास देते. म्हणून इंधनाच्या नळ्या, सील आणि गॅस्केट वेळोवेळी पाहावे लागतात, आणि टाकी भरून गाडी महिनोन्महिने उभी ठेवून चालत नाही. अशी गाडी चालत राहिली तरच चांगली राहते.

एवढे सोसून हाती काय येते? शांतता. तीन सिलिंडर मिटले की उरलेले तीन इंजिनाला एका लयीत हिसके देऊ लागतात. हे हिसके प्रवाशापर्यंत पोचू नयेत म्हणून इंजिन ज्या पायांवर बसते ते पाय जिवंत ठेवले आहेत. इंजिनाची थरथर मोजून त्याच क्षणी ते तिच्याविरुद्ध दाब देतात. आतले मायक्रोफोन इंजिनाची घरघर ऐकतात आणि स्पीकरमधून तिच्या नेमका उलट स्वर सोडतात. दोन्ही लहरी एकमेकींना खाऊन टाकतात. काचा वर असताना आत बसलेल्याला वाटते की काहीच चाललेले नाही. प्रत्यक्षात ती शांतता क्षणोक्षणी घडवली जात असते.

याच तत्त्वाचे फार मोठे रूप हिंगोली जिल्ह्यात उभे राहणार आहे. औंढा नागनाथजवळ दुधाळ्याच्या परिसरात लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेची पायाभरणी ११ मे २०२३ रोजी झाली. एकमेकींना काटकोनात असलेल्या चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, त्यांतून धावणारा लेसर, आणि टोकांना टांगलेले आरसे. अमेरिकेतल्या अशाच दोन केंद्रांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी गुरुत्वीय लहर प्रथम टिपली. आरसा प्रोटॉनच्या जाडीच्या हजारांशाहूनही कमी हलला तरी हे यंत्र ते ओळखते. म्हणून दूरवरच्या ट्रकची धडधडही त्याला शत्रू. ती जिरवण्यासाठी जमिनीचा कंप मोजून त्याच्याविरुद्ध ढकलणारे आधार आणि एकाखाली एक लोंबणारे लंबक वापरतात. देशभर जागा धुंडाळताना जिथली जमीन शांत आहे अशी जागा हवी होती, आणि ती या जिल्ह्यात मिळाली. थरथर मोजावी आणि तेवढ्याच जोराने तिला उलट उत्तर द्यावे, हा विचार एका जुन्या मोटारीच्या इंजिनाखाली आहे आणि विश्वाचा कानोसा घेणाऱ्या यंत्रातही आहे. दोन्हींच्या व्याप्तीची अर्थातच तुलना होत नाही. पण स्तब्धतेला किंमत आहे आणि ती मिळवण्यासाठी अचाट मेहनत लागते, हे दोन्ही ठिकाणी सारखेच खरे.

हळदीच्या बाजारात पारखी व्यापारी ढिगातले एक हळकुंड उचलतो आणि मोडून पाहतो. पॉलिशवर न जाता आतल्या रंगावर तो भाव करतो. जुन्या गाड्यांच्या बाजारात असे मोडून पाहणारे कमी. तिथे चिन्हाचा, उंचीचा आणि ॲव्हरेजचा भाव होतो. सस्पेंशनच्या दोन भुजांचा, इंजिनाच्या जिवंत पायांचा, साठच्या वेगातल्या वळणावर हाताला लागणाऱ्या समाधानाचा भाव कुणी करत नाही, कारण त्या गोष्टी चालवल्याशिवाय कळत नाहीत. बाजाराने ज्यांची किंमत केली नाही अशा गोष्टी स्वस्तात मिळतात, हा उपेक्षेचा एकमेव फायदा. मालकी इथे मिरवण्याची राहत नाही, सांभाळण्याची होते. गाडी धुणे, ऐकणे, वेळेवर तिचे ऑइल बदलणे, तिच्यासाठी सुटा भाग शोधत दोनशे किलोमीटर जाणे, यांतच मालकीचा बराचसा आनंद आहे आणि त्याला प्रेक्षक लागत नाही.

घरात एकच गाडी ठेवायची असेल, रोज शेतातल्या वाटेने जायचे असेल किंवा दर महिन्याच्या पेट्रोलचा हिशेब जड जाणार असेल, तर ॲकॉर्ड व्ही-सिक्स घेऊ नये. अशांसाठी दुसऱ्या चांगल्या गाड्या आहेत. ज्याला चालवण्यात खरोखर रस आहे, वाट पाहण्याची तयारी आहे आणि लोकांनी वळून पाहावे अशी ओढ नाही, त्याने ती जरूर घ्यावी. घेताना सर्व्हिसिंगची जुनी पावती मागावी आणि टाइमिंग बेल्ट केव्हा बदलला हे विचारावे. नेमके उत्तर मिळाले नाही तर आधी बेल्ट बदलावा, मगच गाडी रस्त्यावर काढावी.